पडद्यावर आधी काय, मग काय : वर्गात गोष्ट सांगू पाहणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

नव्याने शिकवायला लागलेली मंडळी पीपीटी दाखवायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा "स्लाइड किती ठेवू?" हाच असतो. मागोमाग थीम कोणती घेऊ, अॅनिमेशन चालेल का, वगैरे. मी उलट विचारते, "पहिल्या स्लाइडवर मुलांना काय दिसणार आहे आणि ते बघून त्यांच्या डोक्यात कोणता प्रश्न येणार आहे?" याचं उत्तर तयार असलं की स्लाइड बारा झाल्या काय आणि बावीस झाल्या काय, फार बिघडत नाही. उत्तर तयार नसेल तर सुंदर थीमही वाया जाते.

एक धडाच उलगडून दाखवते. 1854 साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली आणि जॉन स्नो या डॉक्टरने तिचा माग पाण्यापर्यंत नेला. विज्ञान, भूगोल, इतिहास, संख्याशास्त्र, कुठल्याही तासाला चालेल असा विषय. आता याची नेहमीची पीपीटी कशी असते? पहिल्या स्लाइडवर शीर्षक, "कॉलरा : कारणे व प्रसार". दुसरीवर व्याख्या. तिसरीवर "दूषित पाण्यामुळे होतो" हे ठळक अक्षरांत. सहाव्या-सातव्या स्लाइडवर स्नोचा नकाशा आणि त्यावर साथीचं मूळ ठरलेल्या ब्रॉड स्ट्रीटच्या हापशाभोवती लाल वर्तुळ. म्हणजे खुनी कोण ते आधी सांगून टाकलं आणि मग तपासकथा वाचायला दिली.

मी हा धडा नुसत्या गल्ल्यांच्या नकाशाने सुरू करते. त्यावर खूण नाही, शीर्षक नाही. तोंडाने एवढंच सांगते, की या एवढ्याशा भागात दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसं गेली आणि तेव्हाचे बहुतेक जाणकार दोष घाणेरड्या हवेला देत होते. दुसऱ्या स्लाइडवर तोच नकाशा, फक्त घराघरासमोर मृत्यूंच्या काळ्या रेघा. मुलं लगेच गर्दी कुठे आहे ते शोधायला लागतात. त्यांना शोधू द्यावं, आपण बोलू नये. तिसऱ्या स्लाइडवर हापसे येतात, सगळे. नेमका कुठला, हे वर्गानेच सांगायचं, आणि वर्ग सांगतोच.

पण खरी मजा त्यानंतर आहे, आणि नवे शिक्षक नेमके तिथेच थांबतात. ब्रॉड स्ट्रीटच्या त्या हापशाजवळच एक वर्कहाउस होतं, निराधारांना ठेवून घेणारं. आजूबाजूच्या घरांत माणसं पटापट मरत असताना तिथल्या 535 जणांपैकी फक्त पाच जण गेले. का? त्याच रस्त्यावरच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरहून अधिक कामगार, त्यांच्यातलं कुणीच दगावलं नाही. का? आणि दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा, जी या भागात कित्येक महिन्यांत फिरकलीही नव्हती, ती मात्र कॉलऱ्याने गेली. हे कसं? तीन स्लाइड, प्रत्येकीवर एक चित्र किंवा एक आकडा. वर्कहाउसची स्वतःची विहीर होती. कारखान्यातल्या लोकांना बिअर मिळायची, ते हापशावर जातच नसत. आणि त्या बाईंना ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून त्यांच्याकडे तिथलं पाणी गाडीतून जायचं. "दूषित पाणी" हे शब्द पडद्यावर मी कुठेच लिहीत नाही. ते मुलांच्या तोंडून आले की फळ्यावर लिहिते.

इथे दोन कामाच्या गोष्टी. नकाशा प्रत्येक स्लाइडवर नव्याने पेस्ट करू नका, तो चार मिलिमीटर इकडेतिकडे होतो आणि स्लाइड बदलताना उडी मारतो. मग नजर नव्या खुणेऐवजी त्या उडीकडे जाते. पूर्ण भरलेली स्लाइड आधी बनवा, तिच्या डुप्लिकेट काढा आणि मागच्या स्लाइडवरून एकेक गोष्ट पुसत जा. दुसरं, मूळ नकाशावर हापशांच्या जागी इंग्रजीत "PUMP" अशी अक्षरं छापलेली आहेत. ती झाकली नाहीत तर पहिल्या बाकावरचं कुणीतरी दुसऱ्याच स्लाइडला उत्तर ओरडतं.

गोष्टीच्या ओघात सत्य वाकवायचा मोह होतो, तो इथेही आहे. प्रचलित कथा अशी, की स्नोने नकाशा काढला, हापशाचा दांडा काढला गेला आणि साथ थांबली. खरं तर 8 सप्टेंबरला दांडा निघाला तेव्हा साथ ओसरायला लागलेली होती, पुष्कळ लोक घरं सोडून गेले होते, आणि तो प्रसिद्ध नकाशा नंतर तयार झाला. मी मोठ्या वर्गांना ही गुंतागुंत सांगतेच. "मग दांडा काढल्याचा उपयोग झाला की नाही, हे कसं ठरवायचं?" या प्रश्नावर जी चर्चा होते, ती गुळगुळीत शेवटावर कधीच होत नाही.

आता मजकुराबद्दल. स्लाइडवर परिच्छेद लिहायचा आणि तोच वाचून दाखवायचा, ही सवय सगळ्यात चिवट. मुलं आपल्यापेक्षा भरभर वाचतात, त्यामुळे डोळे एका ओळीवर आणि कान दुसऱ्या. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने चित्रं आणि शब्द एकत्र वापरून शिकण्यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले आहेत. त्यातला एक निष्कर्ष असा, की चित्र आणि बोलणं एवढं पुरेसं असताना तेच बोलणं पडद्यावर अक्षरांतही दिलं, तर समजायला मदत होण्याऐवजी बहुधा अडथळाच होतो. मात्र याचा अर्थ पडदा कोरा ठेवा असा नाही. नवी संज्ञा, अवघड नाव, सूत्र, ही अक्षरांत दिसलीच पाहिजेत. वर्गातली भाषा ज्यांची रोजची नाही किंवा ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांना लिहिलेल्याचाच आधार असतो. बाकी जे सांगायचं ते स्लाइडखालच्या नोट्समध्ये टाका आणि प्रेझेंटर व्ह्यू वापरा. तो तुमच्या स्क्रीनवर दिसतो, पडद्यावर नाही.

पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण चालू असताना कीबोर्डवरचं B दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. माझ्या मते सगळ्या सॉफ्टवेअरमधली ही सर्वांत उपयोगी कळ आहे. गटात चर्चा करायला सांगता तेव्हा पडद्यावर चित्र तसंच उजळत राहिलं तर मान तिकडेच वळते. आणि मधल्या एखाद्या स्लाइडवर जायचं असेल तर तिचा क्रमांक टाइप करून एंटर मारा, सगळ्या स्लाइड सरसर मागे नेत बसू नका.

फॉन्टचा घोळ मराठीत शिकवणाऱ्यांना हमखास भोवतो. जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो. युनिकोडच वापरा. मुक्ता (Mukta) किंवा नोटो सान्स देवनागरी हे फुकट मिळणारे फॉन्ट पडद्यावर स्वच्छ दिसतात. देवनागरीला वर वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा थोडी जास्त जागा सोडावी लागते. बारीक रेघांचा फॉन्ट प्रोजेक्टरच्या उजेडात विरून जातो. लाल आणि हिरवा हे दोनच रंग वापरून फरक दाखवू नका, काही मुलांना तो दिसतच नाही. शेवटच्या बाकाशी उभं राहून एकदा सगळं वाचून बघा. फाइलची पीडीएफ प्रत जवळ असू द्या, पण तिच्यात आवाज आणि अॅनिमेशन येत नाही हे लक्षात ठेवून.

व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचाच दाखवा, नि प्रयोगाचा असेल तर निकाल दिसायच्या आधी थांबवून वर्गाला अंदाज लिहायला लावा. पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवला तर निवेदकाऐवजी मुलंच वर्णन करतात. पाहण्याआधी प्रश्न दिला नसेल तर मात्र व्हिडिओ म्हणजे नुसती विश्रांती.

एआयने बनवलेल्या चित्रांबद्दल हल्ली सतत विचारलं जातं. काल्पनिक गोष्टीला खुशाल वापरा. इतिहासाच्या धड्यात मात्र ते चित्र पुराव्यासारखं दिसतं, आणि मुलांच्या डोक्यात तेच खरं म्हणून बसतं. वापरायचंच तर चित्रावरच तसं लिहा. त्यापेक्षा विकिमीडिया कॉमन्सवर जुने नकाशे, छायाचित्रं शोधावीत. तिथे प्रत्येक चित्राखाली परवाना दिलेला असतो, तो वाचून श्रेय द्यायचं.

शेवटी मुलांनी स्वतः करायच्या डिजिटल गोष्टी, म्हणजे आवाज आणि चित्रं जोडून सांगितलेल्या कथा. 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियात जो लॅम्बर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याच्या कार्यशाळा सुरू केल्या. स्वतःचा आवाज, काही स्थिरचित्रं, दोन ते पाच मिनिटांची फिल्म, एवढाच साचा. वर्गात तो छान चालतो, पण क्रम पाळावा लागतो : आधी कागदावर संहिता, मग आवाज, मग चित्रं. आधी फोटो गोळा करायला सांगितले की मुलं फोटोंना ओळी चिकटवतात, "हे आमचं घर, ही आमची बाग", आणि गोष्ट काही उभी राहत नाही. दोन मिनिटांना अडीचशे शब्द पुरतात. पहिल्या मसुद्यावर मी एकच खूण करते, जिथून खरी गोष्ट सुरू होते तिथे. ती बहुधा तिसऱ्या-चौथ्या वाक्यात असते, त्याच्या वरचं सगळं काढायला सांगते.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला, म्हणजे "फ", "भ" म्हणताना फुंकर माइकवर आदळत नाही. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, पडदे किंवा पुस्तकांची कपाटं असलेली खोली बरी. फोटोत कुणी माणूस असेल तर त्याला विचारूनच घ्यायचा. गुण देताना ट्रान्झिशन आणि इफेक्टला काहीही देऊ नका, आणि हे आधीच सांगा, नाहीतर दोन दिवस फक्त फिरत्या अक्षरांवर जातात. संहितेचा कागद आणि आवाजाची मूळ फाइल वेगळी ठेवायला लावा. नंतर चित्रं बदलावीशी वाटली तर पुन्हा बोलत बसावं लागत नाही.