केसात अन् चादरीत च्युइंगम, माझा अनुभव

परवा रात्री थोरला, वय 6, तोंडात च्युइंगम ठेवूनच झोपला आणि सकाळी ते निघालं कुठं तर धाकटीच्या केसात, आणि उरलेलं आईनं दिलेल्या सोलापुरी चादरीच्या मोराला चिकटलेलं. धाकटी 4 वर्षांची, ती आरशासमोर उभी राहून म्हणती, "पप्पा, मला शेपूट आलं." हसू आवरंना, पण बायकोनं कात्री काढली होती म्हणून म्हणलं थांब जरा.

केसांना पाणी लावू नका, काही होत नाही, च्युइंगम रबरासारखं असतं, पाण्यात विरघळत नाही. तेलानं ते मऊ पडतं. घरात शेंगदाण्याचं तेल होतंच, दोन चमचे घेऊन बोटानं चोळत बसलो, दहा मिनिटांनी ते बुळबुळीत झालं, मग बारीक कंगव्यानं खालच्या टोकाकडनं थोडं थोडं ओढलं आणि शेवटी शाम्पू. एक केस कापायला लागला नाही! तेवढ्या वेळात तिनं माझ्या मिशीला पण तेल लावलं, मला लई आवडलं ते.

चादरीला मात्र तेल अजिबात नको, सुती कापड आहे, डाग बसतो. तिथं उलटं करायचं, बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत घालून वीस मिनिटं वर ठेवला, च्युइंगम कडक झालं की चमच्याच्या मागच्या टोकानं हळू खरवडलं, नखानं ओढलं तर धागा निघतो. मोर शाबूत आहे.

आता झोपायच्या आधी रोज दोघांना "आ" करायला लावतो, आणि मग ते माझं पण तोंड तपासतात.