क्रूझवरून देवदर्शन आणि ऐतिहासिक स्थळं: या चुका टाळा

जहाज सकाळी ७ वाजता बंदराला लागणार आणि संध्याकाळी ७ ला सुटणार, असं पत्रकात वाचलं की दिवसाचे बारा तास आपलेच, असं वाटतं. प्रत्यक्ष त्या चर्चमध्ये, देवळात किंवा भग्नावशेषांत उभं राहायला पाच-साडेपाच तास मिळतात. ठाणे, वाशी, खारघर, पनवेल भागातून सोसायटीचे आणि ज्येष्ठ नागरिक संघांचे गट आता क्रूझला जातात. बंदरावर उतरून दर्शन आणि स्थळदर्शन दोन्ही व्हावं अशी त्यांची इच्छा असते. ती पुरी होते, पण त्यासाठी हिशोब जहाज सुटण्याच्या वेळेपासून मागे मागे मांडावा लागतो.

पत्रकातले तास खरे धरणं

रोमचं उदाहरण घेऊ. पत्रकात ‘रोम’ लिहिलेलं असलं, तरी जहाज लागतं चिव्हिटावेकियाला. तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर, म्हणजे साधारण ठाणे-लोणावळ्याइतकं. जहाज ७ ला लागलं तरी बंदर अधिकाऱ्यांची परवानगी आणि गँगवेवरची (जहाजातून उतरण्याच्या पुलावरची) गर्दी यात पाऊण तास जातो. मग बंदराच्या फाटकापर्यंत शटल बस, तिथून रेल्वे स्टेशन: ८.३०. रोमा सान पिएत्रो स्टेशनला उतरेपर्यंत ९.३० वाजतात. व्हॅटिकनला जायचं असेल तर याच स्टेशनवर उतरावं. सेंट पीटर्स बॅसिलिका तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत आहे, उगाच पुढे टर्मिनी स्टेशनपर्यंत जाऊ नये.

आता उलटं मोजा. ‘ऑल अबोर्ड’, म्हणजे शेवटच्या प्रवाशाने जहाजावर असण्याची वेळ, बहुधा सुटण्याच्या अर्धा तास आधीची असते, काही ठिकाणी तासभर आधीची. ती ६.३० धरा. स्वतःच्या जबाबदारीवर गेलेल्यांनी त्याआधी दोन तास, म्हणजे ४.३० ला, बंदराच्या गावात परत असायला हवं. त्यासाठी सान पिएत्रोहून साडेतीनच्या आत गाडी पकडायची आणि ३ वाजता व्हॅटिकनमधून पाय काढायचा. उरले साडेपाच तास. व्हॅटिकन म्युझियम आणि सिस्टिन चॅपलला तीन तास, बॅसिलिकाच्या सुरक्षा रांगेला एक तास, आत एक तास. झाला दिवस. त्यात कलोसियम घुसवलं की दोन्ही अर्धवट राहतात, आणि धावपळीत दमतात ते गटातले सगळ्यात वयस्कर लोक.

दोन तासांची ती राखीव वेळ कापायचा मोह होतो. इटलीत रेल्वेचे संप होतात. संपाच्या दिवशी कामाच्या वारी लोकल गाड्यांची हमी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ एवढीच असते. म्हणजे जाताना गाडी मिळते आणि दुपारी परतीची नसते. निघण्याच्या आदल्या रात्री संपाची बातमी बघायलाच हवी. कागदी प्रादेशिक तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड भरावा लागतो.

नावावरून बंदर जवळचं समजणं

फ्लॉरेन्सचं बंदर लिव्होर्नो, अंतर सुमारे ९० किलोमीटर. बँकॉकचं लाएम चाबांग, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि बँकॉकची रहदारी वेगळी. राजवाडा आणि पाचूच्या बुद्धाचं मंदिर साडेतीनला प्रवेश बंद करतं. तिथे फाटकाजवळ कोणी सांगू लागलं की ‘आज बंद आहे, दुसरं देऊळ दाखवतो’, तर ऐकू नका, ही जुनी फसवणूक आहे. सरळ फाटकापर्यंत जाऊन स्वतः बघा.

कोलंबोला जहाज लागलं की सगळ्यांना कँडीचं दंतमंदिर (बुद्धाचा दात ठेवलेलं मंदिर) बघायचं असतं. अंतर ११५ किलोमीटर, पण घाटरस्ता, एका वाटेला तीन तास किंवा जास्त. आठ-नऊ तासांच्या मुक्कामात हे बसवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी शहराजवळचं केलानिया विहार आणि बेइरा तलावाजवळचं गंगारामय नीट, शांतपणे बघता येतं. पोर्णिमेला श्रीलंकेत सार्वजनिक सुट्टी असते आणि विहारांत मोठी गर्दी होते. तारीख त्या दिवशीची असेल तर वेळ वाढवून धरा.

याउलट पेनांग. जहाज स्वेटनहॅम पिअरला, थेट जॉर्जटाउनमध्ये लागतं. २००८ साली युनेस्कोच्या यादीत गेलेला जुना भाग चालत फिरता येतो. क्वीन स्ट्रीटवरचं १८३३ चं महामारिअम्मन मंदिर, कपितान केलिंग मशीद आणि खू कोंग्सीचं कुलमंदिर एकाच फेरीत होतात. केक लोक सी मंदिराला मात्र गाडी करावी लागते. गटात गुडघेदुखीवाले असतील तर ‘मोठं नाव’ सोडून अशी जवळची ठिकाणं निवडलेली बरी.

फोनवरच्या घड्याळावर विसंबणं

मुंबई-गोवा-कोची-कोलंबो फेरीत जहाजाची आणि फोनची वेळ वेगळी असण्याचा प्रश्न येत नाही, कारण भारत आणि श्रीलंकेची वेळ एकच आहे. सिंगापूर-पेनांग-फुकेत फेरीत येतो. थायलंड सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे. जहाज अनेकदा सिंगापूरचीच वेळ ठेवतं, पण किनाऱ्यावर फोन आपोआप थायी वेळ दाखवू लागतो. फुकेतमधल्या ‘वाट चालोंग’ या देवळात तुम्ही फोनवर ३ वाजलेले बघता, तेव्हा जहाजावर ४ वाजलेले असतात. ‘अजून तास आहे’ म्हणणारा माणूस तिथेच अडकतो.

उपाय साधा आहे. जहाजावरून उतरताना गँगवेजवळच्या घड्याळाशी मनगटी घड्याळ जुळवा आणि दिवसभर त्यालाच हात लावू नका. स्मार्टवॉचची आणि फोनची वेळ आपोआप बदलण्याची सोय बंद ठेवा. समुद्रात असताना फोन विमान मोडवर हवा, कारण जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं आणि त्याला फोन जोडला गेला की रोमिंगचं बिल फार मोठं येतं.

वार न बघता तारीख बघणं

कोचीला जहाज शुक्रवारी किंवा शनिवारी लागत असेल तर सावध. मट्टनचेरी राजवाडा शुक्रवारी बंद असतो. रामायणाची भित्तिचित्रं तिथेच आहेत. शेजारचं १५६८ सालचं ‘परदेशी’ नावाचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी, शब्बाथमुळे (ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसामुळे), बंद असतं आणि शुक्रवारी दुपारनंतरही. दोन्ही पाहायची असतील तर शुक्रवार-शनिवार सोडून लागणारी फेरी निवडा. फोर्ट कोचीतल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा फिरायला जाऊ नये. वास्को द गामाला १५२४ साली प्रथम इथेच पुरलं होतं. पुढे त्याचे अवशेष लिस्बनला नेले.

केरळातली बहुतेक देवळं दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी चार-पाचनंतर उघडतात. जहाज दहाला लागून लोक बाराला देवळाच्या दारात पोहोचले तर फक्त बंद दाराचं दर्शन होतं. गुरुवायूर तर बंदरापासून ९० किलोमीटरच्या आसपास आहे. दर्शनाची रांग धरली तर एका दिवसाच्या मुक्कामात ते बसत नाही. त्यासाठी वेगळी रेल्वेची सहल करा.

व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, महिन्यातला शेवटचा रविवार सोडून. बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक भेट असली की बॅसिलिकात दुपारपर्यंत प्रवेश मिळत नाही. इस्तंबूलला तोपकापी राजवाडा मंगळवारी आणि ग्रँड बझार रविवारी बंद. हागिया सोफिया २०२० पासून पुन्हा मशीद आहे, त्यामुळे शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी पर्यटकांना अडीचपर्यंत आत सोडत नाहीत. अथेन्सच्या अॅक्रोपोलिसची तिकिटं आता ठरावीक तासाची असतात. जहाज लागल्यापासून किमान अडीच तासांनंतरचा तास घ्या. सकाळी सातच्या जहाजाला आठची वेळ घेतली की ती वाया जाण्याचीच शक्यता जास्त.

व्हिसाच्या ‘एन्ट्री’ न मोजणं

ही चूक प्रवास सुरू होण्याआधीच होते आणि बंदरावर दुरुस्त होत नाही. ग्रीसहून निघालेलं जहाज तुर्कस्तानात कुशादासीला थांबून परत ग्रीक बेटावर येत असेल, तर तुम्ही शेंगेन क्षेत्राबाहेर (एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांबाहेर) जाऊन पुन्हा आत येता. एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, ‘मल्टिपल’ हवा. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच उतरणाऱ्या क्रूझलाही हेच लागू. अर्ज भरताना हॉटेलच्या कागदांसोबत क्रूझचा पूर्ण मार्ग, बंदरांच्या तारखांसकट, जोडा. जहाजावरून न उतरण्याचं ठरवलं तरी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो, म्हणून प्रत्येक बंदराबद्दल क्रूझ कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी ‘लागत नाही हो’ पुरेसं नाही.

बॅलार्ड पिअरला पोहोचण्यात ढिलाई

मुंबईहून, म्हणजे बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून, सुटणाऱ्या क्रूझसाठी ठाण्याहून सीएसएमटी आणि तिथून टॅक्सी हा रस्ता सोपा, पण रविवारी नाही. मध्य आणि हार्बर मार्गाचा मेगाब्लॉक नेमका सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारपर्यंत चालतो, आणि चेक-इनची वेळही तीच. पनवेल-बेलापूरकरांनी ब्लॉकचं वेळापत्रक शनिवारीच पाहावं. गाडीने जायचं तर ठाण्याहून ईस्टर्न फ्रीवे आणि उलवे-पनवेल बाजूने अटल सेतू. चेक-इन बंद होण्याची वेळ सुटण्याच्या बरीच आधीची असते, ती तिकिटावर वाचा.

कपडे आणि चपला

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हा नियम व्हॅटिकनपासून बँकॉकपर्यंत एकच आहे. आपल्याकडे अडचण येते ती पुरुषांच्या थ्री-फोर्थची. जहाजावर ती घालून नाश्ता करायचा आणि तसंच उतरायचं, मग दारातून परत. गोव्यात मुरगावला उतरून मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा आणि कवळ्याची शांतादुर्गा करणाऱ्या कुळावींनीही (ही ज्यांची कुलदैवतं आहेत त्यांनीही) हे ध्यानात ठेवावं. फोंडा तालुक्यातल्या देवळांतही पेहरावाचे फलक लागलेले आहेत. केरळातल्या पारंपरिक देवळांत पुरुषांना मुंडू (केरळी धोतर) नेसून सदरा काढून जावं लागतं.

प्रत्येकाच्या पिशवीत एक पातळ सुती ओढणी किंवा उपरणं, एक पंचा आणि चपलांसाठी कापडी पिशवी असू द्या. दुपारी उघड्या फरशीवर पाय भाजतात. श्रीलंकेतल्या विहारांत बहुतेक ठिकाणी पातळ मोजे चालतात. तिथे बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं हा अपमान समजतात, सेल्फी घेताना हे पटकन विसरायला होतं.

कुशादासीहून एफिससच्या प्राचीन अवशेषांना जाणाऱ्यांसाठी एकच गोष्ट, पण महत्त्वाची: टॅक्सीवाल्याला वरच्या फाटकावर सोडायला सांगा आणि खालच्या फाटकावर बोलवा. संपूर्ण रस्ता उताराचा होतो, सेल्सस ग्रंथालय वाटेत लागतं आणि मोठं नाट्यगृह शेवटी. उलट गेलात तर उन्हात चढ चढावा लागतो. रस्त्याचे संगमरवरी दगड शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेत. चामडी तळव्याच्या चपला घसरतात, रबरी तळाचे बूट घाला.

टेंडरचा वेळ न धरणं

काही बंदरांत जहाज आत येत नाही, खोल पाण्यात नांगर टाकतं आणि छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर नेतात. आधी कंपनीच्या सहलीवाल्यांचा नंबर लागतो, मग टोकन घेतलेल्यांचा. तास-दीड तास सहज जातो. परतीला ‘शेवटची टेंडर’ हीच तुमची मर्यादा. ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर गाव उंच कड्यावर असल्याने त्यात रोपवेची भर पडते. दोन-तीन जहाजं एकदम आली की दुपारनंतर खाली उतरण्याची रांग फार लांबते, आणि पर्यायाने सुमारे ६०० पायऱ्या उतराव्या लागतात, त्याही खेचरांच्या शेणातून.

म्हणून आमचा नियम असा: टेंडरचं बंदर, किंवा एका वाटेला तासापेक्षा लांब स्थळ असेल तर कंपनीची सहल घ्या. महाग पडते, पण सहलीची बस अडकली तर त्या प्रवाशांची जबाबदारी कंपनीवर असते. पेनांगसारखं चालत जाण्याचं बंदर असेल तर स्वतः फिरा, पैसे वाचतात आणि देवळात हवा तेवढा वेळ बसता येतं.

जहाज चुकलं तर

रोज केबिनमध्ये येणाऱ्या दिवसाच्या पत्रकावर किंवा कंपनीच्या अॅपवर स्थानिक पोर्ट एजंटचा फोन नंबर असतो. उतरण्याआधी त्याचा फोटो काढा. उशीर होणार हे कळताच, बंदरात पोहोचण्याची वाट न बघता, फोन करा. पंधरा मिनिटं आधी कळवल्याने फरक पडू शकतो. जहाज गेलंच असेल तर धक्क्यावरच थांबा आणि एजंटला शोधा. अनेक कंपन्या चुकलेल्या प्रवाशाचे पासपोर्ट केबिनच्या तिजोरीतून काढून एजंटकडे ठेवतात. पुढच्या बंदराचा प्रवासखर्च तुमचा, आणि त्या देशाचा व्हिसा हवा. प्रवास विम्यात ‘जहाज चुकणं’ येतं का, हे पॉलिसी घेतानाच विचारून ठेवा.

किनाऱ्यावर जाताना पिशवीत पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाची रंगीत प्रत, एक कार्ड, थोडी स्थानिक रोकड आणि रक्तदाब-मधुमेहाच्या दोन दिवसांच्या गोळ्या असाव्यात. गोळ्या केबिनमध्ये ठेवून फक्त आजची एक घेऊन उतरू नका.