पर्समधला तेराचा बोल्ट

माझ्या पर्समध्ये एक बोल्ट असतो. 8 एमएमचा, नवाकोरा, डोकं 13 चं. नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीत गेले की नट-बोल्ट खोलायचे पाने काउंटरवर काढायला लावते आणि हा बोल्ट एकेकात घालून हलवून पाहते. पहिल्यांदा हे केलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, बोल्ट वापस करायला आणला काय?" म्हटलं, "नाही भाऊ, पाना पाहून राहिली." त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पोराला हाक मारली, "आतला माल आण बे."

आतला माल वेगळा असतो, हे मला बोल्टमुळे कळलं.

बाबा एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत फिटर होते. मी बँकेत. मानेवाड्याला घर आहे, पोर्चवर टिनाचं शेड आहे, खाली एक स्प्लेंडर आणि एक जुनी वॅगनआर. तेवढ्यावर शेजारपाजारचे मला विचारतात, घरी सामान ठेवायचं तर स्वस्तातलं घेऊ की मेकॅनिक लोक वापरतात तसलं? मी उलटं विचारते: ते दगा देईल तेव्हा भुर्दंड कुठे बसेल? प्लास्टिकचं नरसाळं फुटलं तर नरसाळंच गेलं. पाना फाकला तर बोल्ट गेला. जॅक सरकला तर पुढचं सांगायला नको.

माझा स्वतःचा भुर्दंड सांगते. स्प्लेंडरचं ऑइल बदलायचं होतं. ड्रेन बोल्ट 17 चा. बाबांचा रिंग पाना भाच्यानं नेला होता, म्हणून रस्त्यावरून तीनशे रुपयांत घेतलेल्या आठ फिक्स, म्हणजे उघड्या तोंडाच्या, पान्यांतला 16-17 चा लावला. जोर दिला, पाना जरासा फिरला आणि हाताला मऊ लागलं. लोखंड मऊ लागलं की थांबायचं असतं. मी थांबले नाही. दुसऱ्या झटक्याला बोल्टचे दोन कोपरे गुळगुळीत. पुढे मेकॅनिककडे गाडी ढकलत नेली, त्यानं छन्नी लावून तो बोल्ट ठोकत ठोकत काढला. अख्खा रविवार गेला, आणि "मॅडम, घरी कायले करता?" हे ऐकावं लागलं ते वेगळंच.

झालं काय होतं, ते नंतर पाना उजेडात धरल्यावर दिसलं. फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो. त्याचं तोंड पाव मिलिमीटरनं जरी ढिलं असलं तरी जोर सपाट बाजूवर न बसता कोपऱ्यावर बसतो. पोलाद कच्चं असेल तर जोरासरशी तोंड आणखी फाकतं. रिंग पाना चहूबाजूंनी धरतो, म्हणून घट्ट बसलेला नट आधी रिंगनं सैल करायचा आणि मग फिक्सनं भराभर फिरवायचा. बाबांचा हा नियम मला पाठ होता, तरी मी तो मोडला.

म्हणून पान्यांवर पैसे सोडा. आठ-बारा नगांचा रिंग पान्यांचा एक सेट घ्या, फिक्स नंतर घेतले तरी चालतील. क्रोम व्हॅनेडियम, म्हणजे पक्कं पोलाद, हे बरेचदा नुसतं छापलेलं असतं, त्यावर भरवसा ठेवू नका; बोल्ट घालून हलवा. चांगल्या पान्यात बोल्ट किंचितच हलतो, वाईटात डुगडुगतो. मुलामा पाहा. पापुद्रा सुटलेलं क्रोम बोटाला ब्लेडसारखं कापतं. मी टपारियाचे घेतले, नाशिकचा माल, घरच्या कामाला आयुष्यभर पुरेल असा. परदेशी नावाचे, तिप्पट किमतीचे पाने दिवसाला पन्नास नट उघडणाऱ्यासाठी आहेत. आपण महिन्याला पाच उघडतो. मात्र चाललेल्या नावाची नक्कलही बाजारात असते, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडेतिकडे. बिल मागा; बिल द्यायला का-कू केली की दुकान बदला.

46 नगांची गोट्यांची, म्हणजे सॉकेटची, पेटी सगळीकडे मिळते, पाच-सहाशेला. तिला लोक नावं ठेवतात, मी ठेवत नाही. पाव इंची रॅचेट, म्हणजे एकाच दिशेनं पकडणारा दांडा, आहे, गोट्या 4 पासून 14 पर्यंत. स्प्लेंडरचे 8 आणि 10 चे नट, बॅटरीचं टर्मिनल, साइड पॅनल, एवढ्यासाठी ती मस्त आहे. तिच्या दांड्यावर पाइप चढवून चाकाचे नट खोलायला जाल तर रॅचेटचे दात जातील, आणि चूक पेटीची नसेल. मोठ्या कामाला अर्धा इंची दांडा आणि 17, 19, 21 च्या तीन सुट्या गोट्या घ्या. सहा कोनी. बारा कोनी गोटी पटकन बसते, पण गंजलेल्या नटावर कोपरे तीच खाते.

स्क्रूड्रायव्हरच्या बाबतीत थोडं खोलात जाते, कारण हे कोणी सांगत नाही. जपानी घाटाच्या गाड्यांवरचे अधिक चिन्हाचे स्क्रू बरेचदा जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. कित्येकांच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. आपला नेहमीचा फिलिप्स त्यात पूर्ण खाली टेकत नाही, जोर दिला की वर उसळतो आणि स्क्रूचं तोंड वाटीसारखं करून टाकतो. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण, कार्बोरेटरची वाटी, इथले स्क्रू असेच बाद होतात आणि आपण म्हणतो, जाम झाला होता. व्हेसल नावाच्या जपानी कंपनीचा 2 नंबरचा एकच स्क्रूड्रायव्हर मी मागवला. नवऱ्याला त्याची किंमत अजून माहीत नाही.

एलन की, म्हणजे षटकोनी खाचेच्या बोल्टच्या चाव्या, त्यासुद्धा चांगल्याच घ्या, स्वस्तातल्या टोकाला गोल होतात. हॅक्सॉची फ्रेम कुठलीही चालेल, पातं मात्र बायमेटलचं, म्हणजे दोन धातू जोडलेलं, आणि पातळ पाइपला इंचात 24 दात असलेलं. हातोडा, टेप, ब्रश, क्लॅम्प स्वस्त घ्या. ऑइल झेलायला पाच लिटरचा जुना कॅन आडवा कापला की झालं.

ग्राइंडर मी आधी स्वस्त घेतला होता. तिसऱ्या महिन्यात त्याचं बटण चालूवरच अडकलं. हातात फिरतं यंत्र आणि प्लग खोलीच्या दुसऱ्या टोकाला! आता नावाजलेल्या कंपनीचा आहे, गार्ड काढलेलं नाही आणि काढणारही नाही. डिस्क घेताना दोन गोष्टी वाचा. मशीन मिनिटाला 11,000 फेरे घेत असेल तर डिस्कवरचा आकडा त्याहून मोठा हवा. दुसरं, मधल्या लोखंडी कड्यावर मुदतीची तारीख असते. होय, डिस्कला औषधासारखी तारीख असते, आणि धूळ खात पडलेल्या डिस्क सवलतीत विकल्या जातात. भिंतीत भोकं पाडायचं मशीन वर्षातून दोनदा लागतं, भाड्यानं आणा.

जॅकबद्दल बाबांचं म्हणणं होतं, तो उचलायला असतो, पेलायला नसतो. हायड्रॉलिक जॅकचं एक सील गेलं की गाडी एकदमही बसू शकते. वॅगनआर जेमतेम साडेआठशे किलोची, पण उचललेली गाडी पेलायला मी तीन टनी स्टँडची जोडी ठेवते, पाय रुंद आणि वेल्डिंग भरीव पाहून घेतलेली. खालची जमीन आपल्याकडे मोठी फसवी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वर फरशी वरवर सपाट आणि खाली पोकळ. माझ्या पोर्चमधली एक फरशी जॅकखाली अशीच फुटली. आता खाली दोन इंच जाडीची सागवानी फळी असते. गाडीखाली डोकं घालण्याआधी ती कमरेनं जोरात ढकलून पाहते.

जुनी साधनं कबाड्याकडे किलोवर मिळतात आणि त्यांत खरं पोलाद सापडतं. पण त्यावर कोरलेला आकडा वाचा. जुने पाने बरेचदा इंची असतात. 3/4 चा 19 वर बिनधास्त चालतो, फरक नखाएवढाही नाही. 11/16 चा मात्र 17 वर लावू नका. तो जवळजवळ साडेसतराचा आहे, म्हणजे माझ्या ड्रेन बोल्टची गोष्ट पुन्हा. पर्समधला बोल्ट इथेच सगळ्यात जास्त कामाला येतो.

बॅटरीवरचं ड्रिल घेतलं असेल तर एक नागपुरी सूचना. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये चार्जर लाल दिवा लुकलुकवतो आणि चार्ज करत नाही. गेल्या वर्षी मी ते दुकानात परत न्यायला निघाले होते. बिघाड नव्हता, लिथियम बॅटरी साधारण 40 अंशांच्या वर चार्ज करायचीच नसते, आणि शेडमध्ये तेव्हा 45 च्या पुढे. तेव्हापासून आमच्याकडे कूलरसमोरच्या स्टुलावर उन्हाळाभर बॅटरी बसलेली असते. आल्यागेल्याला पाणी देताना ती आधी उचलून ठेवावी लागते.