भंगार आणि जुन्या वस्तूंचे दुकान नियमात कसे चालवावे

सांगली, मिरज किंवा कुपवाडमध्ये भंगाराचे दुकान टाकायचे असेल, तर भाडेकरारावर सही करण्याआधी महानगरपालिकेच्या परवाना विभागात त्या जागेची चौकशी करावी. जीवितास, आरोग्यास किंवा मालमत्तेस धोका पोहोचवू शकणारा माल साठवण्यावर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चे कलम ३७६ परवान्याचे बंधन घालते, आणि रद्दी, प्लास्टिक, रबर, तेलकट डबे यांचा ढीग किती पटकन पेट घेतो हे शेजारी राहणाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंद कामगारांच्या संख्येप्रमाणे करावी. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घ्यावी.

यापुढचे काम रोजचे आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे, ते म्हणजे खरेदीची नोंदवही. तारीख, वेळ, विकणाऱ्याचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, पाहिलेले ओळखपत्र, वजन आणि दर एवढे तर लिहावेच. पण वस्तूचे वर्णन असे लिहावे की ती पुन्हा ओळखता येईल. ‘पितळ, अडीच किलो’ या नोंदीचा उपयोग होत नाही. ‘पितळी हंडा, काठाला पोचा, बुडाशी नाव कोरलेले’ असे लिहिले, तर चोरीची फिर्याद आल्यावर तो हंडा मूळ घरी परत जाऊ शकतो. विकणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यावा आणि पैसे शक्यतो बँकेतून द्यावेत.

काही माल दारातूनच परत पाठवावा. जाळून काळवंडलेली तांब्याची तार, गटाराचे झाकण, देवळातली घंटा किंवा लहान मुलाने आणलेला धातू घेऊ नये. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या पंपाची केबल रात्रीत कापली जाते तेव्हा चोराच्या हाती किरकोळ रक्कम पडते, पण शेतकऱ्याचे उभे पीक पाण्यावाचून वाळते. ही तार घेणारा कोणी नसेल तर ती कापणारेही कमी होतील. माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, अप्रामाणिकपणे घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हाच धंदा सवयीने करणाऱ्यास १० वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेपही होऊ शकते.

जुन्या बॅटऱ्या आणि संगणकाचे भाग दुकानात फोडू किंवा जाळू नयेत, ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावेत. मोडीत काढायचे वाहनही नोंदणीकृत केंद्रातच जावे.

पोलीस तपासाला आले तर नोंदवही स्वतःहून पुढे ठेवावी आणि माल जप्त झाल्यास पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. शंका येईल असा माल निदान आठवडाभर न फोडता, न वितळवता वेगळा ठेवावा, म्हणजे मालकाला शोधत यायला तेवढी सवड मिळते.