केबल लाईनमध्ये ओव्हरटाईम बुडतो तो कुठे? या चुका टाळा

केबल-फायबरच्या लाईनीत मी अकरा वर्षं काढली, अंधेरीपासून भाईंदरपर्यंत गच्चीवरून गच्चीवर वायर ओढत, आणि ओव्हरटाईम मागायला गेलो तेव्हा हातात दाखवायला काहीच नव्हतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तासांचा हिशोब कंपनीच्या ॲपच्या भरवशावर सोडणं. तिकीट, म्हणजे ॲपवर येणारं प्रत्येक काम, कधी आलं, कधी क्लोज झालं सगळं त्यात असतं खरं, पण काम सोडलं की लॉगिन बंद, माझं त्याच संध्याकाळी बंद झालं होतं. म्हणून रोज पहिल्या आणि शेवटच्या तिकिटाचा वेळेसकट स्क्रीनशॉट काढा आणि घरच्या कोणाला तरी व्हॉट्सॲप करून ठेवा, शिवाय एक वही ठेवा, गोडाऊनला किती वाजता पोचलो, कुठल्या बिल्डिंगी केल्या, किती वाजता सुटलो. रोजच्या रोज लिहा, महिन्याने आठवून एका बैठकीत लिहिलेली वही बघणाऱ्याला लगेच कळते.

आणि वहीत फक्त ड्रिलिंग-स्प्लायसिंगचा (फायबर जोडायचा) वेळ धरू नका. राऊटर आणि ड्रॉप केबल (गिऱ्हाईकाच्या घरात जाणारी वायर) हातात पडेपर्यंत गोडाऊनला तासभर उभं राहणं, सेक्रेटरी गच्चीची चावी देईपर्यंत थांबणं, एका साईटवरून दुसरीकडे जाणं, हे कामच आहे. घरून लोकलने येतो तो वेळ मात्र घालू नका, त्याच्यामुळे बाकीच्या खऱ्या तासांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आता पैशाचं. बरेच जण हिशोबच करत नाहीत, "दोन तास तर जास्त थांबतो" म्हणतात. समजा पगार १८,२०० आहे, भागिले महिन्याचे कामाचे २६ दिवस म्हणजे दिवसाचे ७००, भागिले रोजचे ८ तास म्हणजे तासाचे साडेसत्त्याऐंशी, आणि ओव्हरटाईम दुप्पट दराने, म्हणजे तासाला १७५. रोज दोन तास, २६ दिवस, झाले ५२ तास, ९,१०० रुपये. अर्धा पगार दर महिन्याला सोडतोय आपण! दुप्पट दर राज्याच्या २०१७ च्या शॉप ॲक्टमध्येही (दुकाने व आस्थापना कायदा) आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही, म्हणजे केंद्राच्या पगाराच्या नव्या कायद्यातही. दिवसाचे तास ९ वरून १० करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला, ते ऐकवून "आता ओव्हरटाईम संपला" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, आठवड्याची ४८ तासांची मर्यादा आहेच.

"तुला पर कनेक्शन (जोडणीमागे) पैसे मिळतात ना, मग कसला ओव्हरटाईम" हे ऐकून गप्प बसणं ही पण चूकच. पर कनेक्शन ही पैसे मोजायची पद्धत झाली, त्याने तासांची मर्यादा उठत नाही. कागदावर तुम्हाला पार्टनर किंवा एक्झिक्युटिव्ह लिहिलं तरी हजेरी, युनिफॉर्म, रूट सगळं कंपनी किंवा ठेकेदारच ठरवत असतील तर प्रत्यक्ष काम काय आहे ते बघितलं जातं.

कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका. मी केली होती, नंतर त्यावर सगळे पैसे मिळाल्याचं लिहिलेलं निघालं. ओव्हरटाईम टीम लीडरकडे तोंडी मागून सोडून देऊ नका, साधा मेसेज टाका, "या महिन्यात इतके तास जास्त झाले, कधी मिळतील?" उत्तर नाही आलं तरी तारीख राहते. आणि ठेकेदार पळाला म्हणून हातपाय गाळू नका, वेतन संहितेत ठेकेदाराने नाही दिले तर ज्यांचं काम त्या कंपनीवर जबाबदारी येते, त्यामुळे कोणाची लाईन टाकताय त्याचं नाव, आयकार्डाचा फोटो जपून ठेवा.

दाव्याला संहितेत ३ वर्षांची मुदत आहे, जुन्या कायद्यांत ६ महिने, वर्षभर अशी तोकडी होती, तेव्हा संहिता लागू होण्याआधीचं येणं असेल तर आजच हला. मुंबईत पगाराच्या तक्रारीसाठी बीकेसीतलं (वांद्रे-कुर्ला संकुल) कामगार भवन, शॉप ॲक्टसाठी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधला दुकाने व आस्थापना विभाग. जाताना वही, स्क्रीनशॉट, बँकेचं स्टेटमेंट तिन्हीच्या झेरॉक्स घ्या, ओरिजिनल कोणाच्या हातात देऊ नका, आणि अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.