जुनं घर पाडायला काढताय? आधी या चुका टाळा

पेठेतलं नाहीतर गावठाणातलं जुनं घर पाडून नवीन बांधायचं ठरलं की सगळ्यांना घाई असते जेसीबीची. प्लॅन आर्किटेक्टकडे दिलाय, मंजुरी येईलच, तोवर पाडून तरी घेऊ, पावसाळ्याआधी तेवढंच काम उरकेल असा हिशेब असतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात. उभं घर हाच तुमचा पुरावा असतो. बांधकाम किती होतं, हद्द कुठे होती, भाडेकरू कुठल्या खोलीत राहत होता, शेजाऱ्याची भिंत आधीपासूनच तडकलेली होती का, हे सगळं घर उभं आहे तोवरच दाखवता येतं, एकदा जागा मोकळी झाली की मग ज्याचा त्याचा दावा.

"आपलंच घर, पाडायला कसली परवानगी?"

लागते. 1966 च्या एमआरटीपी कायद्याने (महाराष्ट्राचा नगररचनेचा कायदा) जुनं बांधकाम पाडणं पण विकासकामातच धरलंय, त्यामुळे महापालिका नाहीतर नगरपालिकेची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय एक कौलसुद्धा काढू नका. धोकादायक घराची नोटीस आली असली तरी ती नोटीस म्हणजे नवीन बांधायची मंजुरी नव्हे, हे दोन वेगळे कागद आहेत आणि लोक हमखास इथे गल्लत करतात. घरावर बँकेचा बोजा असेल तर बँकेला पण आधी लेखी कळवा, कारण ज्या घरावर त्यांनी कर्ज दिलंय तेच तुम्ही पाडणार आहात. आवारातलं झाड तोडावं लागणार असेल तर त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, झाडांचा कायदा 1975 पासून आहे.

नवीन काय बांधता येणार हे न बघताच पाडणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पुण्यात शनिवारवाड्याच्या आसपास ज्यांची घरं आहेत त्यांना हे चांगलं ठाऊक आहे. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आहे, तिथे जुन्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण तेवढं रीतसर परवानगीने करता येतं. म्हणजे घर पाडलंत की दुरुस्ती करायला घरच उरलं नाही आणि नवीन उभं करता येत नाही, जागा मोकळी पडून राहते. पुढच्या 200 मीटरमध्ये पण आधी परवानगी लागतेच. तसंच रस्तारुंदीची रेषा घरातून जाते का, आणि घर महापालिकेच्या हेरिटेज यादीत आहे का, हे दोन्ही पाडायच्या आधी विचारून घ्या. मंजूर नकाशा हातात आला की मगच हातोडा.

भाडेकरूला "घर पाडलं की हक्क संपला" असं सांगणं

असं होत नाही. 2014 साली सुप्रीम कोर्टाने सांगलीच्या एका प्रकरणात सांगितलं की इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप जात नाही. त्यामुळे प्रत्येक भाडेकरूची खोली मोजून, चटईक्षेत्र लिहून, दोघांच्या सह्या घेऊन करार करा, तो रजिस्टर करा आणि त्यांची तात्पुरती राहायची सोय पण त्यातच लिहा. वर्षानुवर्षं तिथे राहिलेल्या माणसाचं घर आहे ते, त्याला अंधारात ठेवून पाडणं कायद्यात तर बसत नाहीच, आणि माणुसकीलाही धरून नाही.

शेजारच्या भिंतीचा विचार न करणं

जुन्या वाड्यांमध्ये दोन घरांत मिळून एकच भिंत असते, आणि शेजाऱ्याच्या तुळयांची डोकी त्याच भिंतीत बसलेली असतात. तुमच्या बाजूने ती फक्त एक जुनी मातीची भिंत दिसते, पण पलीकडचा अख्खा माळा तिच्यावर उभा असतो. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दोन्ही बाजूंनी बघायला लावा, शेजाऱ्याच्या घरात त्याच्या समोरच जाऊन तारखेसकट फोटो काढा, जिथे भेगा आहेत तिथे प्लास्टरचा पट्टा मारून तारीख लिहा म्हणजे काम सुरू झाल्यावर भेग वाढली तर तो पट्टा तडकतो आणि लगेच कळतं. भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी पण याच वेळी करून घ्या.

लाइटचं म्हणाल तर नुसतं मेन स्विच बंद करून चालत नाही. मीटर पीडी, म्हणजे कायमचं बंद, करून घ्या आणि खांबावरून येणारी सर्व्हिस वायर काढून घ्या, पाण्याचं कनेक्शन रस्त्यातच बंद करा, पाइप गॅस असेल तर कंपनीचा माणूस बोलवूनच तोडायचा. सेप्टिक टँकमध्ये कुणाला उतरवू नका, आत विषारी वायू साठलेला असतो, ते काम सक्शन मशीनचंच.

उलट्या क्रमाने पाडणं

ठेकेदार "जुनं सामान माझं, वर तुम्हालाच पैसे देतो" असं म्हणाला की लोक खूश होतात, पण त्याचा सगळा जीव सागवानात आणि लोखंडात असतो, त्यामुळे तो तुळया, चौकटी आधी ओढून काढतो आणि भिंती नुसत्या उभ्या राहतात. काम वरून खाली, ज्या क्रमाने बांधलं त्याच्या उलट व्हायला पाहिजे: कौलं, वासे, मग भिंत थराथराने. भिंत बुडातून कोरून लोळवायची पद्धत अजिबात चालू देऊ नका, आणि आधार नसलेली भिंत रात्रभर उभी ठेवून घरी जाऊ नका. खिडकीवरचा छज्जा त्याच्या मागच्या टोकावर असलेल्या भिंतीच्या वजनाने धरलेला असतो, वरची भिंत आधी उतरवली की छज्जा माणसासकट खाली येतो, म्हणून आधी त्याला खालून टेकू द्या.

स्लॅबचं घर असेल तर राडारोडा वरच्या मजल्यावर साठू देऊ नका. घराचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला 200 किलो वापरातलं वजन धरून डिझाइन केलेला असतो, आणि दीड फूट उंचीचा विटा-काँक्रीटचा ढीग सहज 500-600 किलो भरतो, त्यात स्लॅब जुना, सळ्या गंजलेल्या. मजला वरून खाली कोसळतो तो असा. रोजचा माल रोज खाली काढा.

सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, ते फोडायचे नाहीत, पाणी मारून अख्खे उतरवायचे आणि मजुरांना चांगले मास्क द्यायचे, तोंडाला रुमाल बांधून ती धूळ अडत नाही. मजुरांचा विमा ठेकेदाराने काढलाय का ते पॉलिसी बघूनच खात्री करा, तोंडी शब्दावर राहू नका.

राडारोडा नदीकाठी नाहीतर ओढ्यात टाकला तर दंड आहेच, शिवाय पावसात त्या ओढ्याचं पाणी कुणाच्या तरी घरात शिरतं. महापालिकेने दिलेल्या जागीच टाका, प्रत्येक गाडीची पावती ठेवा. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, वजनाला साडेतीन-चार टन, त्यावरून किती गाड्या लागतील याचा अंदाज आधीच काढा. माती, काँक्रीट, लाकूड, लोखंड वेगवेगळं ठेवलंत तर माती-काँक्रीट भरावाला पुन्हा वापरता पण येतं.

काम चालू झालं आणि अडलं तर

शेजाऱ्याच्या भिंतीवरचा पट्टा तडकला की मशीन तिथेच थांबवा, टेकू द्या, इंजिनिअर येईपर्यंत पुढे जाऊ नका. खणताना नकाशात नसलेली केबल नाहीतर पाइप लागली तर ती जिवंत आहे असं समजूनच वागा. पालिकेची काम थांबवण्याची नोटीस आली तर वाद घालत बसू नका, परवानगीच्या प्रती घेऊन लेखी उत्तर द्या, पण तोवर अर्धवट उभ्या भिंतींना टेकू आणि रस्त्याच्या बाजूने पत्र्याचं कुंपण लागतंच. मध्येच पाऊस सुरू झाला तर मातीच्या भिंती प्लास्टिकने झाका, पाणी प्यायलेली भिंत आवाज न करता बसते. आणि सगळं पाडून झालं की टॅक्स खात्यात अर्ज द्या, नाहीतर नसलेल्या घराचा टॅक्स येत राहतो.