बंड्याची जखम

आमचा बोका बंड्या भांडून आला की मी आधी बोथट टोकाची कात्री काढते, जखमेभोवतीचे केस कापायला. मग अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ. त्यात गॉज, म्हणजे जखमेची जाळीदार पट्टी, भिजवून हलक्या हाताने टिपायचं. कापूस नको, तंतू चिकटतात. डेटॉल अजिबात नाही, मांजर चाटतं आणि त्याला ते विषारी. हळदही नको, सासूबाई कितीही म्हणोत. जखम चाटू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घालायची. बंड्या दिवसभर भिंतींना धडकत फिरतो, फिरू दे.

दुसऱ्या मांजराचा दात लागला असेल तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टाचणीएवढं भोक वरून बुजतं, आत पू साठतो. आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल? अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.